तोफगोळा कुणाचा?

मी कामगारसंघटनेत आयुष्य घालवलेला माणूस. सैन्यात कधी नव्हतो. रणगाडा पाहिला तो चौकात चबुतऱ्यावर ठेवलेला, ज्याच्या तोफेला पोरे लोंबकळतात तसला. तरीही आज मी रणगाड्यांच्या लढाईविषयी बोलणार आहे. ही लढाई १९९१ च्या फेब्रुवारीत इराकच्या वाळवंटात झाली. तिचे डावपेच सांगण्याचा माझा अधिकार नाही. लढाई संपल्यावर जी चौकशी झाली तिच्याविषयी मला बोलावयाचे आहे. माणूस मेला, पण तो कोणाच्या हातून आणि कशामुळे मेला, हे ठरवावयाचे कोणी व कसे, या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध येत गेला, आणि त्याचे इतके उघडे उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले. तिथे पोटासाठी गेलेल्या लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मुंबईस आणावे लागले. त्यांत आपल्याकडचीही पुष्कळ माणसे होती, म्हणून हे युद्ध आपल्याला अगदीच परके नव्हे. जानेवारी १९९१ मध्ये विमानांचा मारा सुरू झाला, २४ फेब्रुवारीस जमिनीवरचे सैन्य पुढे सरकले, आणि शंभर तासांत, २८ तारखेला सकाळी, लढाई थांबली. अमेरिकेचे १४८ सैनिक या युद्धात शत्रूशी लढताना कामी आले असे प्रथम जाहीर झाले. एवढ्या प्रचंड सैन्याच्या मानाने हा आकडा लहान होता, आणि त्याचा गाजावाजाही पुष्कळ झाला.

त्याच वर्षाच्या ऑगस्टात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने दुसरा आकडा दिला. या १४८ पैकी ३५ जण आपल्याच सैन्याच्या माऱ्याने मेले होते. ४६७ जखमींपैकी ७२ जणांचीही तीच गत. म्हणजे मेलेल्या चौघांत जवळजवळ एक. ज्यांच्या घरी शत्रूशी लढताना वीरमरण आले असे कळवले होते, त्यांतल्या पुष्कळांच्या दारी सहा महिन्यांनी पुन्हा माणूस गेला आणि पहिली हकिगत खरी नव्हती असे सांगून आला.

इंग्रजीत या प्रकाराला ‘फ्रेंडली फायर’ म्हणतात. स्नेह्यांचा गोळीबार! ज्याने हा शब्द काढला त्याने तोफेसमोर उभे राहून तो काढलेला नसावा. सैन्याच्या कागदोपत्री दुसरा शब्द येतो, ‘फ्रॅट्रिसाइड’, म्हणजे बंधुहत्या. तो निदान प्रामाणिक आहे.

आता हे घडते कसे ते पाहू. २६ फेब्रुवारीचा दिवस. जोराचा वारा, उडणारी वाळू, मधूनच पाऊस. उघड्या डोळ्याने हजार मीटरही नीट दिसेना. त्या दुपारी चारच्या सुमारास अमेरिकन घोडदळाची एक पलटण (नाव घोडदळाचे, घोडे कधीच गेले, आता रणगाडे) इराकच्या तवकल्ना डिव्हिजनवर अचानक आदळली. या लढाईचे नाव ‘७३ ईस्टिंग’. हे गावाचे नाव नव्हे. नकाशावरच्या एका उभ्या रेषेचा तो क्रमांक आहे. तिथे गाव नाही, झाड नाही, ओढा नाही, तेव्हा लढाईला नाव द्यायलाही नकाशावरची रेषाच शोधावी लागली. ज्या मुलुखात खूण म्हणून एक बाभूळसुद्धा नाही, तिथे ‘मी कुठे आहे’ आणि ‘माझा सोबती कुठे आहे’ हे दोन्ही प्रश्न किती अवघड होत असतील याची कल्पना एवढ्यावरून यावी. उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रे त्या वेळी प्रत्येक गाडीत नव्हती.

रात्र झाली तेव्हा पहिल्या पायदळ डिव्हिजनला या घोडदळाच्या पलटणीमधून पुढे जाण्याचा हुकूम झाला. हजारो गाड्या, अंधारात, आपल्याच लोकांच्या रांगांमधून वाट काढीत पुढे जावयाच्या आणि पुढे गेल्याबरोबर शत्रू समोर. माणसे दोन दिवसांवर झोपलेली नव्हती. या रात्रीच्या लढाईला ‘नॉरफोक’ म्हणतात. तीत एका ब्रिगेडचे पाच रणगाडे आणि काही ब्रॅडली गाड्या आपल्याच तोफांच्या माऱ्यात सापडल्या. सहा सैनिक मेले, पंचवीस जखमी झाले. (ब्रॅडली म्हणजे पायदळाला घेऊन जाणारी चिलखती गाडी. तिचे चिलखत रणगाड्याच्या मानाने पातळ असते.)

अमेरिकन रणगाड्यात थर्मल दुर्बीण होती. ती प्रकाशावर चालत नाही, उष्णतेवर चालते. इंजिन तापले की गाडी काळोखात उजळ दिसते. धूळ असो, रात्र असो, तीन-तीन किलोमीटरवरचा तापलेला लोखंडी जीव तिला सापडतो. या दुर्बिणीनेच ती लढाई जिंकली असे म्हणावयास हरकत नाही. परंतु तिच्यात एक मोठी खोट होती. उजळ ठिपका दिसणे वेगळे, तो रणगाडा आहे की मालट्रक हे ओळखणे वेगळे, आणि तो आपला की परका हे ओळखणे त्याहून वेगळे. पहिले जमते ते फार लांबून, दुसरे जमते ते जवळून, तिसरे त्याहूनही जवळून. आणि अमेरिकन रणगाड्याची तोफ मात्र पहिल्याच अंतरावर मारा करू शकत होती. हात डोळ्यापेक्षा लांब झाला होता.

त्यात त्या रात्री दोन गोष्टी घडल्या. काही इराकी शिपायांनी आपल्या रणगाड्यांची इंजिने बंद ठेवली होती आणि ते बाजूच्या खंदकात बसले होते. थंड रणगाडा थर्मल दुर्बिणीला दिसत नाही. अमेरिकन गाड्या त्यांच्या बाजूने पुढे निघून गेल्या, आणि मग मागून व बगलेतून गोळे येऊ लागले. तेव्हा तोफांचे बुरूज चहूकडे फिरू लागले. ज्या बाजूला आपले सोबती होते त्या बाजूलाही. दुसरी गोष्ट मला वाचताना सर्वांत जास्त लागली. खंदकातल्या इराकी पायदळाने खांद्यावरच्या अग्निबाणांनी ब्रॅडली गाड्यांवर मारा केला. बाण गाडीवर फुटला की भडका होई. मागे दूर उभ्या असलेल्या अमेरिकन रणगाड्यातून थर्मल दुर्बिणीत तो भडका पाहिला तर तो कसा दिसावा? तोफ उडताना तोंडाशी जाळ होतो, अगदी तसा. म्हणजे ज्या गाडीवर शत्रूचा मार बसला, तीच गाडी दुरून मारा करणारा शत्रू म्हणून दिसली. तोफच्याने चाप ओढला. रणगाड्याच्या गोळ्याचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त. दोन किलोमीटरवरच्या माणसाला दीड सेकंदही मिळाला नाही.

सकाळ झाली. गाड्या जळत होत्या. कोणी मारले? त्या रात्री तिथे असलेल्या प्रत्येकाने शपथेवर सांगितले असते की शत्रूने मारले, आणि त्यांतला एकही खोटे बोलत नसता. ज्याने गोळी घातली त्यालाही आपण इराकी रणगाडा फोडला असेच वाटत होते. साक्षीदार असतानाही साक्ष मिळत नाही, अशी ही जागा.

तेव्हा साक्ष द्यावी लागली ती लोखंडाने. अमेरिकन रणगाडा चिलखत फोडण्यासाठी जो गोळा वापरी, तो खरे पाहता गोळा नसून भाल्यासारखी लांब बारीक सळई असते. ती डिप्लीटेड युरेनियमची, म्हणजे अणुभट्टीच्या कामाचा अंश काढून घेतल्यावर उरलेल्या युरेनियमची केलेली असते. हा धातू शिशापेक्षाही जड. चिलखतात घुसताना तो बोथट होण्याऐवजी धार धरतो, आणि त्याचा जो भुगा उडतो तो पेट घेतो. भोकाच्या कडेला त्याची पूड राहते, आणि ती अगदी थोडी असली तरी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राला कळते. इराककडे असे गोळे नव्हतेच. म्हणजे फुटलेल्या ब्रॅडलीच्या भोकाशी यंत्र धरले आणि काटा हलला, तर गोळा कुणाचा हा प्रश्न तिथेच संपला.

संपला असे मी म्हणालो, पण इतके सरळ ते नव्हते. अमेरिकेचे ए-१० जातीचे विमानही ३० मिलिमीटरच्या तोफेतून युरेनियमच्याच गोळ्या झाडी. मग भोकाचा आकार, त्यांची संख्या, मार वरून आला की समोरून, हे पाहावे लागे. शिवाय नव्या अमेरिकन रणगाड्यांच्या चिलखतातच युरेनियमचा थर घातलेला होता. अशा रणगाड्याच्या बुरुजाला पुढून मार बसला असेल तर यंत्राचा काटा गोळ्यामुळे हलला की चिलखतामुळे, हे ठरवणे आले. आणि काटा मुळीच हलला नाही तर मारणारा शत्रूच, असेही नाही. ब्रॅडलीवरून सोडावयाच्या ‘टो’ नावाच्या क्षेपणास्त्रात युरेनियम नसते. ते पोकळ स्फोटकाने धातूची अतिशय वेगवान धार सोडून चिलखत भेदते, इराकी क्षेपणास्त्रेही त्याच जातीची होती. पण ‘टो’च्या मागे तारा असतात. मारणारा त्या तारांवरून त्याला दिशा देतो, आणि काम झाल्यावर बारीक तारा वाळूवर पडून राहतात. एका टोकाला जळालेली गाडी, दुसऱ्या टोकाला जिथून बाण सुटला ती जागा.

वाळवंटाचा हा एक गुण. दृष्टी घेऊन जाते, पण पाऊलखुणा राखते. ७३ ईस्टिंगच्या मैदानावर लढाईनंतर थोड्याच दिवसांत अमेरिकन अभ्यासकांचे एक पथक गेले. ते गेले ते शिक्षणासाठी ती लढाई संगणकावर जशीच्या तशी उभी करावयाला, दोष शोधायला नव्हे. परंतु त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. त्यांनी रणगाड्यांच्या पट्ट्यांचे माग पाहिले, फुटलेल्या गाड्या कुठे व कोणत्या तोंडाने उभ्या आहेत ते टिपले, लढलेल्या माणसांना बोलते केले. काही मिनिटांत झालेली झुंज पुन्हा जुळवायला त्यांना कितीतरी महिने लागले.

एक लक्षात घ्या. पूर्वीच्या युद्धांत स्वकीयांच्या माऱ्याने मरणारे शेकडा दोनच असतात असा सैनिकी ग्रंथांत सर्रास उल्लेख असे. १९९१ मध्ये ते शेकडा चोवीस निघाले. पुष्कळांनी लगेच निष्कर्ष काढला की या सैन्याची शिस्त ढासळली. अमेरिकन संसदेसाठी शास्त्रीय बाबींची छाननी करणाऱ्या कार्यालयाने १९९३ मध्ये या विषयावर अहवाल काढला, त्याने निराळे सांगितले. शत्रूच्या हातून मेलेले थोडे, म्हणून शेकडेवारी फुगली, हे एक कारण. दुसरे असे की दोन टक्के हा जुना आकडाच मुळात फार कमी होता. पूर्वी कोणी भोकाशी यंत्र धरीत नव्हते. जिथे शोध झाला नाही तिथले सगळे मेलेले आपोआप शत्रूच्या खाती पडले.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. आमच्याकडे हेच चालते. ज्या कारखान्यात अपघाताची वही इमानाने भरतात तिथे अपघात जास्त दिसतात, आणि जिथे वही कोरी असते त्या कारखान्याच्या भिंतीवर सुरक्षिततेची ढाल टांगलेली असते.

गोळा कुणाचा हे ठरले, म्हणजे अर्धे काम झाले. पुढचा प्रश्न, तो का मारला? इथे लोखंड बोलत नाही, माणसांना बोलावे लागते, आणि ज्या माणसांना बोलावयाचे ती एकाच शिडीच्या वरच्या-खालच्या पायऱ्यांवर उभी असतात. चौकशी खालून सुरू होते, कारण चाप सर्वांत खालच्या माणसाच्या हातात असतो. ‘लक्ष्य नीट ओळखले नाही’ असे एक वाक्य लिहिले की कागद पुरा होतो. पण दोन तुकड्यांमधली सीमारेषा नकाशावर कोणी आखली, शेजारच्या तुकडीला ती कळवली होती काय, एवढ्या गाड्या अंधारात एकमेकींतून काढण्याचा हुकूम कोणी दिला, ज्या दुर्बिणीला आपला-परका कळत नाही तिच्यावर एवढ्या लांब पल्ल्याची तोफ कोणी बसवली, हे प्रश्न वरच्या पायऱ्यांचे. ओळखीसाठी काय दिले होते, तर गाडीवर उलट्या व्ही अक्षराची खूण आणि टपावर बांधायचे नारिंगी कापड. वाळूच्या वादळात आणि रात्री दोन्ही सारखीच निरुपयोगी.

मला एका कारखान्यातली चौकशी आठवते. नाव सांगत नाही. पॉवर प्रेसखाली एका पोराची तीन बोटे गेली. अहवालात लिहिले, कामगाराचा निष्काळजीपणा, त्याने गार्ड काढून काम केले. आम्ही प्रेस पाहायला मागितली. गार्ड बसवण्याच्या स्क्रूच्या भोकांत गंज धरला होता, कित्येक महिन्यांचा. त्या पोराला नोकरीला लागून सहा आठवडेच झाले होते. दोन्ही हातांनी दाबावयाच्या दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवलेले होते, उत्पादनाचा आकडा गाठण्यासाठी. ती पट्टी त्याने लावली नव्हती. तरीही त्या गंजावर चौकशी अधिकाऱ्याकडून एक ओळ लिहून घ्यायला आम्हाला सात महिने लागले.

इराकातल्या प्रकरणांत हेच वेगवेगळ्या रूपांनी दिसते. १७ फेब्रुवारीच्या रात्री एका अपाची हेलिकॉप्टरने दोन अमेरिकन गाड्या उडवल्या, दोघे मेले. तिथे चित्रफीत होती, आवाज होता, म्हणून दिशेची चूक कशी झाली ते लवकर उलगडले. मारा करणारा स्वतः त्या तुकडीचा प्रमुख होता. त्याला हुद्द्यावरून दूर करण्यात आले. त्याआधी २९ जानेवारीच्या रात्री सौदी सरहद्दीवर मरीन दलाच्या दोन गाड्या फुटल्या आणि अकरा जण मेले. एक गाडी शेजारच्याच गाडीच्या क्षेपणास्त्राने गेली. दुसरीवर ए-१० विमानाचे क्षेपणास्त्र पडले, आणि त्यात क्षेपणास्त्राचाच बिघाड असल्याचे सांगण्यात आले. एकाच रात्री, एकाच तुकडीत, एक चूक माणसाची आणि एक यंत्राची. दोन्ही एकाच रकान्यात.

२७ फेब्रुवारीच्या पहाटे एका हवाई धावपट्टीजवळ बंद पडलेल्या गाडीपाशी थांबलेल्या इंजिनीअर पथकावर अमेरिकन घोडदळाने गोळीबार केला. एक मेला, एक जखमी झाला. सैन्याने आपली चौकशी आपणच केली. तिने मृताच्या घरच्यांचे समाधान झाले नाही. प्रकरण सिनेटपर्यंत गेले, सैन्याबाहेरच्या हिशेबतपासणी कार्यालयाने पुन्हा सगळ्यांना विचारले, आणि १९९५ मध्ये त्यांचा अहवाल आला, तेव्हा आतल्या चौकशीत नोंदलेल्या बऱ्याच गोष्टी जागच्या जागी टिकल्या नाहीत. बाहेरच्या माणसाने विचारले म्हणजे उत्तरे बदलतात, हे मला नवे नव्हते.

ब्रिटिशांचे प्रकरण याहून वेगळे. २६ फेब्रुवारीलाच अमेरिकन ए-१० विमानांनी दोन ब्रिटिश चिलखती गाड्या फोडल्या. नऊ तरुण शिपाई मेले. इंग्लंडात संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनरपुढे होते आणि तिथे ज्यूरी बसू शकते. १९९२ मध्ये ऑक्सफर्डला ती बसली. विमानांना जागेचा क्रमांक नीट सांगितला होता असे ब्रिटिश अधिकाऱ्याचे म्हणणे, आम्हाला तो मिळालाच नाही असे विमानचालकांचे. हे दोन कागद एकमेकांसमोर ठेवले गेले, पण विमानचालक स्वतः आले नाहीत, त्यांची लेखी निवेदनेच आली. त्यांना उलट प्रश्न विचारता आला नाही. ज्यूरीने निकाल दिला, बेकायदेशीर वध. त्या निकालावरून कोणाला शिक्षा झाली नाही. मेलेल्यांच्या आयांना मात्र एका उघड्या न्यायालयात बसून सगळी हकिगत ऐकायला मिळाली. हे काही थोडे नव्हे.

इथे कोणी विचारील, आणि विचारावे, की त्याच वाळवंटात इराकी सैनिक किती मेले? ते हजारोंनी मेले. त्यांच्या गाड्यांच्या भोकाशी कोणी यंत्र धरले नाही, त्यांचा नक्की आकडा आजही कोणाला देता येत नाही. सक्तीने भरती केलेली पोरे होती त्यांत. मी ज्या चौकशीविषयी बोलतो आहे ती फक्त जिंकणाऱ्याच्या मेलेल्यांना मिळाली, हे बोलून दाखवल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही.

मेलेले मेले, आता खोदून काय उपयोग, असे आमच्या चौकशांतही मॅनेजर म्हणतात. या प्रकरणात त्याला एक चांगले उत्तर मिळाले, आणि ते जिवंत माणसांकडून मिळाले. स्वकीयांच्या गोळ्यांनी जे जखमी झाले, त्यांतल्या काहींच्या अंगात जे तुकडे शिरले ते पोलादाचे नव्हते, युरेनियमचे होते. पोलादाचा लहान कण अंगात राहिला तर डॉक्टर पुष्कळदा तसाच राहू देतात. युरेनियम हळूहळू रक्तात उतरते आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणजे गोळा कुणाचा होता हे कळल्याशिवाय जखमेत काय आहे हेही कळत नव्हते. १९९३ पासून अमेरिकेत बाल्टिमोर येथील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयाने या माणसांची तपासणी सुरू केली. ज्यांच्या अंगात तुकडे राहिले होते त्यांच्या लघवीत लढाईनंतर कित्येक वर्षांनीही युरेनियमचे प्रमाण सामान्य माणसापेक्षा जास्त निघत राहिले. त्यांची मूत्रपिंडे, हाडे, रक्त पाहण्यासाठी त्यांना दर दोन वर्षांनी बोलावण्यात येऊ लागले. बोलावण्याची ती यादी तयार झाली ती १९९१ मध्ये फुटलेल्या गाड्यांच्या भोकांशी धरलेल्या यंत्रांच्या नोंदींवरून आणि त्या गाड्यांत त्या रात्री कोण कोण बसले होते याच्या चौकशीवरून.